फोटो ज्याचा, नाव त्याचं छापा

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

श्रावण लागला की ठाण्यातल्या डीटीपीच्या दुकानांना उसंत नसते. दहीहंडी, गणपती, नवरात्र, दिवाळी असे लागोपाठ सण, आणि फ्लेक्सवर फ्लेक्स निघत राहतात. त्यांच्यावर देवाचे, तळ्याचे, मिरवणुकीचे जे फोटो झळकतात, जी चित्रं दिसतात, ती बऱ्याच वेळा कुणा हौशी माणसाने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी काढून इंटरनेटवर टाकलेली असतात. त्या माणसाचं नाव मात्र कुठेच नसतं. या हंगामात तरी ते छापलं जावं, म्हणून हे पत्र. ते मंडळांसाठी आहे, सोसायट्यांसाठी आहे, आणि राग मानू नये, पण वर्तमानपत्रांसाठीही आहे.

माझं नौपाड्यात डीटीपी आणि फ्लेक्स डिझाइनिंगचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, अहवाल, बॅनर, स्मरणिका, सगळं करते. त्यामुळे या व्यवहाराच्या दोन्ही टोकांची माणसं माझ्याकडे येतात. नेटवरून फोटो उचलून आणणारे माझ्याच काउंटरवर उभे असतात, आणि ज्यांचे फोटो उचलले जातात त्यांतलेही कितीतरी जण आपल्या आवडत्या फोटोची प्रिंट काढायला माझ्याकडेच येतात.

आधी ही हौशी माणसं कोण, ते सांगते. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात सुपरवायझर असलेले एक गृहस्थ रविवारी सकाळीच घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत जातात. तिथे फुलपाखरांची बाग आहे. त्यांना वेड आहे ते नीलवंताचं. नीलवंत म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू. २०१५ साली त्याला हा मान मिळाला, आणि असं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. मखमली काळे पंख, मागच्या पंखांवर निळाईचा रुंद पट्टा आणि त्यात काळे ठिपके. नजरेला लगेच सापडतं, पण कॅमेऱ्यात येणं महाकठीण, कारण फुलावर मध प्यायला आलं तरी ते पंख मिटून बसत नाही, सारखं थरथरवत असतं. शटरचा वेग वाढवावा तर झाडीतल्या सावलीत फोटो काळा येतो, कमी करावा तर पंख पुसट होतात. म्हणून हे गृहस्थ पावसाची सर उघडल्यावर ओल्या मातीवर क्षार शोषायला उतरणाऱ्या नराची वाट बघतात. तेवढ्यापुरता तो जरा एका जागी सापडतो. मग कोपरं चिखलात रोवून, श्वास धरून जमिनीलगत आडवं व्हायचं. पुष्कळ फोटोंतून एखादा मनासारखा निघतो. तो रात्री इन्स्टाग्रामवर पडतो, खाली फुलपाखराचं मराठी नाव आणि त्यांचं स्वतःचं नाव. त्यांची मिळकत एवढीच.

ऐरोलीला राहणारे एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांच्या खिशात कायम भरती-ओहोटीचं वेळापत्रक असतं. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की फ्लेमिंगो तिथे चरतात, आणि भरतीने तो बुडाला की नेरुळ-सीवूड्सच्या पाणथळींवर येऊन थांबतात. हे गणित पाठ असल्याशिवाय चांगला फोटो मिळत नाही. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्याची अधिसूचना २०१५ची आणि खाडीला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा असा मान, मिळाला तो २०२२ साली, पण त्याआधीपासून ही मंडळी लांब लेन्स खांद्यावर टाकून खाडीकाठी जात होती, आणि त्यांचे फोटो पाहून आपल्यातल्या अनेकांना कळलं की हे पक्षी आपल्या इतक्या जवळ उतरतात. या सरांची आणखी एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. घुबडाच्या किंवा धनेशाच्या घरट्याचा फोटो ते कधीही टाकत नाहीत, जागाही सांगत नाहीत. टाकला की दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची गर्दी होते आणि पक्षी घरटं सोडतात. लाइक्स मिळवणं त्यांना काही अवघड नव्हतं.

आणि कळव्यातली एक मुलगी. बीकॉमला आहे, मला मावशी म्हणते. तिच्याकडे ना ड्रॉइंगचा टॅबलेट, ना पेन. साध्या फोनवर आयबिस पेंट नावाच्या अ‍ॅपमध्ये ती बोटाने चित्रं काढते. दुकानात गर्दी नसली की माझ्या बाकावर बसून काढते, म्हणून मी जवळून पाहिलंय. तलावपाळीच्या, म्हणजे ठाण्यातल्या मासुंदा तलावाच्या काठच्या, संध्याकाळचं चित्र करत होती. आधी आकाशाचा एक थर, त्यावर झाडांचा, त्यावर कोपिनेश्वराच्या देवळाचा, मग पाण्याचा, आणि पाण्यात पडलेले दिवे सगळ्यात शेवटी. दोन बोटांनी चित्र इतकं मोठं करायचं की पडद्यावर देवळामागच्या इमारतीची एक खिडकी तेवढी उरते. तिची चौकट सरळ करायची, आत पिवळा उजेड भरायचा, पुन्हा चित्र लहान करून हात लांब धरून बघायचं. उजेड जास्त वाटला की परत आत शिरायचं. फोन तापला की पंख्याखाली ठेवून थांबायचं. पाण्यावरच्या दिव्यांसाठी तिने प्रत्येक लाटेची रेघ वेगळी ओढली होती, एकाची नक्कल दुसऱ्यावर चिकटवली नव्हती. मी म्हटलं, "अगं, कॉपी-पेस्ट कर की, कुणाला कळणार आहे?" तर म्हणाली, "मावशी, पाणी असं एकसारखं हलत नाही ना." चित्राच्या उजव्या बाजूला, पायऱ्यांच्या रंगातच तिने आपलं नाव लिहिलं होतं, बारीक पण वाचता येईल असं.

आता माझ्या काउंटरवर काय होतं ते सांगते.

"ताई, हा फोटो बॅकग्राउंडला घ्या." असं म्हणत फोन पुढे येतो. फोनमध्ये असतो स्क्रीनशॉट. वर बॅटरीचे टक्के आणि नेटवर्कचे दांडे, खाली लाल बदाम आणि कुणाकुणाच्या कॉमेंट्स. मधे कुणाचा तरी जीव ओतून काढलेला फोटो. "कोपऱ्यातलं ते नाव तेवढं उडवा." हे वाक्य इतक्या सहज येतं, की पंखा लावा म्हटल्यासारखं. बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, हेही मी ठामपणे सांगते. ही आमचीच मुलं आहेत. रात्र रात्र जागून मखर उभारणारी, पावसात मंडपाला ताडपत्री बांधणारी. त्यांना कुणी कधी सांगितलेलंच नसतं, की त्या कोपऱ्यात एक माणूस आहे.

दुसरी अडचण तांत्रिक आहे, आणि तिचा उपयोग मी त्यांना समजावताना करते. इन्स्टाग्रामवरचा फोटो साधारण १०८० पिक्सेल रुंद असतो. तो दहा फुटी फ्लेक्सवर ताणला तर एका इंचाला नऊ पिक्सेल येतात. चौकातला फ्लेक्स लांबून बघतात, त्यामुळे थोडं खपून जातं, पण नऊ म्हणजे फोटो पार फुटतो. देवाच्या डोळ्यांचे चौकोन दिसायला लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला असेल तर आणखी वाईट, कारण तिथे फोटो दाबून लहान केला जातो, आणि फाइलच्या पोटात कॅमेऱ्याची, काढणाऱ्याची जी माहिती असते तीही गळून जाते. पाच-सहा ग्रुप फिरून आलेल्या फोटोला ना धड रंग उरतो ना बाप. मग मी म्हणते, "दादा, मूळ फाइल आणा. काढणाऱ्याला विचारलंत तर तो आनंदाने देईल." विचारलं तर खरंच देतात. माझ्या पाहण्यात पैसे मागणारे थोडे. बहुतेकांचं एकच म्हणणं असतं, "नाव टाकाल ना?"

गेल्या वर्षी कळव्याच्या त्या मुलीचं तलावपाळीचं चित्र एका मोठ्या बॅनरवर लागलं. कुठल्या मंडळाचं ते सांगत नाही, माझ्या दुकानात तो झाला नव्हता. तिच्या आईने रिक्षातून जाताना पाहिला. पायऱ्यांवरचं नाव पुसून तिथे पायऱ्यांचाच एक तुकडा चिकटवला होता. पाण्यावर, जिथे तिने एकेक रेघ ओढली होती, तिथे शुभेच्छुकांचे चेहरे ओळीने बसवले होते. आई घरी येऊन म्हणाली, "तुझं चित्र केवढं मोठं लागलंय गं!" तिला आनंदच झाला होता. दोघी मुद्दाम परत बघायला गेल्या. मुलगी खाली उभी राहून नाव शोधत राहिली.

तिने मंडळाच्या कार्यकर्त्यांना विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं, "अगं, प्रसिद्धीच झाली ना तुझी फुकटात." मी हे उत्तर नंतर इतरांकडूनही ऐकलं आहे, म्हणून त्याबद्दल बोलते. नावच नसेल तर प्रसिद्धी कुणाची झाली? चौकातून दिवसभर जाणाऱ्या माणसांपैकी एकालाही कळलं नाही की हे चित्र कुणी काढलं. एखाद्याला ते आवडलं असेल, आपल्या मुलीच्या लग्नपत्रिकेसाठी असंच चित्र करून घ्यावंसं वाटलं असेल, तर त्याने कुणाला गाठायचं? त्या बॅनरवर छोट्या अक्षरांत एक ओळ असती, तर तिला पहिलं काम मिळालं असतं, अशी माझी खात्री आहे. ज्यांचे चेहरे होते त्यांची नावं आणि पदं प्रत्येकाखाली नीट छापलेली होती. 

त्यानंतर बरेच महिने तिने नेटवर काहीही टाकलं नाही. काढत होती, पण दाखवत नव्हती. या गोष्टीचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. हौशी माणूस आपली वस्तू दाखवतो तेव्हा त्याला कुणी बोलावलेलं नसतं, त्यामुळे तो दाखवायचा थांबला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

"नेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं," असा एक सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. आपल्याकडे प्रताधिकार कायदा १९५७चा आहे. त्यानुसार फोटो काढला किंवा चित्र पूर्ण झालं की त्याचा हक्क त्याच क्षणी काढणाऱ्याकडे जातो. त्यासाठी नोंदणी लागत नाही, कुठला शिक्का लागत नाही. नोंदणी करता येते, आणि वाद झाला तर ती उपयोगी पडते, पण हक्क त्यावर अवलंबून नाही. हा हक्क काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. फोटोंसाठी आधी ही मुदत प्रकाशनापासून मोजत, २०१२च्या दुरुस्तीनंतर तीही हयातीशी जोडली गेली. लग्नाच्या फोटोग्राफरला पैसे देऊन आपण फोटो काढून घेतो, तिथे वेगळा करार नसेल तर पहिला मालक पैसे देणारा ठरतो. पण आपल्या मनाने येऊरच्या जंगलात जाऊन काढलेला फोटो काढणाऱ्याचाच.

याच कायद्याचं कलम ५७ मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आपल्या कृतीवर आपलं नाव असावं, आणि आपली मानहानी होईल अशी तिची मोडतोड होऊ नये, हा हक्क निर्मात्याला आहे. बाकीचे हक्क त्याने विकले तरी हा त्याच्याकडेच राहतो. आणि २०१२च्या दुरुस्तीतच आलेलं कलम ६५ब असं सांगतं, की कृतीवरचं निर्मात्याचं नाव वगैरे माहिती अधिकार नसताना जाणूनबुजून काढून टाकणं हा गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. "कोपऱ्यातलं नाव उडवा" ही मागणी इथे बसते, हे माझ्या व्यवसायातल्या सगळ्यांनी लक्षात घ्यायला हवं, कारण माउस आपल्या हातात असतो. मंडळाच्या पोरांवर पोलीस सोडावेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण कायदाच नाही असं समजून कुणी बोलू नये.

उलट, ज्यांना खरोखर सगळ्यांना फुकट द्यायचं असतं, त्यांच्यासाठीही रीत ठरलेली आहे. क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचे परवाने २००२पासून आहेत. विकिमीडिया कॉमन्सवर लाखो माणसं आपले फोटो अशा परवान्याखाली ठेवतात. २०१०मध्ये नेदरलँड्समध्ये सुरू झालेली 'विकी लव्ह्ज मॉन्युमेंट्स' ही स्पर्धा तर याच पायावर जगभर चालते, आणि आपल्या किल्ल्यांचे, लेण्यांचे, देवळांचे कितीतरी सुंदर फोटो हौशी लोकांनी तिथे ठेवले आहेत. कुणीही घ्या, छापा, पैसा देऊ नका. पण या परवान्यांच्या सहाही मुख्य प्रकारांत एक अट समान आहे, की काढणाऱ्याचं नाव द्या. म्हणजे पैशावर पाणी सोडणाऱ्यांनीही नाव सोडलेलं नाही.

"फ्लेक्सवर जागा नसते हो, ताई." हे मी रोज ऐकते. मी गेली कित्येक वर्षं निवडणुकांची पत्रकं आणि पोस्टरं करते आहे. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७क प्रमाणे त्यांवर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापावाच लागतो. प्रतींची संख्याही घालतात. कितीही चेहरे असोत, कितीही घोषणा असोत, ती ओळ तळाला बसते. एकाही पक्षाच्या एकाही कार्यकर्त्याने मला आजवर "जागा नाही, ती ओळ काढा" असं म्हटलेलं नाही. तेवढीच एक ओळ, 'छायाचित्र' किंवा 'चित्र' आणि पुढे नाव, गणपतीच्या फ्लेक्सवरही बसते. मी बसवून पाहिली आहे. दहा बाय वीसच्या फ्लेक्सवर दोन इंची अक्षरं रस्त्यावरून वाचता येतात आणि रचनेत कुठेही खुपत नाहीत.

"कुणाचा आहे तेच माहीत नाही." हे कधी कधी खरं असतं. मग गुगल लेन्समध्ये फोटो टाकून बघावा. बऱ्याच वेळा मूळ पान सापडतं. ज्याने फॉरवर्ड केला त्याला विचारावं, तो पुढच्याला विचारेल. तरीही नाही सापडला, तर दुसरा घ्यावा. ठाण्यात फोटो काढणाऱ्यांचा दुष्काळ नाही. गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघते तेव्हा फेटे बांधलेल्या बायकांच्या पुढे-मागे किती कॅमेरे असतात ते बघा. त्यातला प्रत्येक जण आपला फोटो द्यायला तयार असतो.

मंडळांच्या सोशल मीडियावरच्या पानांबद्दलही थोडं. आगमन सोहळ्याला तरुण मुलं चार-पाच तास गर्दीत उभी राहतात, कॅमेरा डोक्यावर धरून, ढोल-ताशाच्या पथकांमधून वाट काढत. पडदा सरकून मूर्तीचं पहिलं दर्शन होतं, तो क्षण त्यांना हवा असतो. रात्री घरी जाऊन रंग सारखे करून फोटो टाकतात. सकाळी तोच फोटो मंडळाच्या पानावर असतो, मंडळाचा शिक्का लावून. शिक्का लावायला काहीच हरकत नाही. त्याच्याशेजारी त्या मुलाचं नाव लिहायला आणि त्याला टॅग करायला किती वेळ लागतो? काही मंडळं हे आवर्जून करतात, आणि त्यांच्याकडे दर वर्षी जास्त चांगले फोटो येतात, हे मी पाहिलं आहे. पोरांना कळतं कुठे जावं ते.

संपादक महोदय, आता आपल्याकडे वळते. वर्तमानपत्रांत पावसाचे, फुलांचे, पक्ष्यांचे फोटो छापून येतात आणि खाली 'सौजन्य : सोशल मीडिया' असं असतं. कधी 'इंटरनेटवरून साभार'. इंटरनेट फोटो काढत नाही. आपल्या स्वतःच्या छायाचित्रकाराचं नाव आपण देता, ते योग्यच आहे. तोच नियम वाचकाच्या फोटोलाही लावावा. मराठी छापखान्यांना ही सवय नवी नाही. दिवाळी अंकाच्या अनुक्रमणिकेत मुखपृष्ठ कुणाचं, आतली चित्रं कुणाची, हे वेगळं छापण्याची रीत पूर्वापार आहे. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांची चित्रं कॅलेंडरमधून आणि अंकांमधून घराघरांत गेली. माझ्या आजोळी मुळगावकरांच्या चित्राचं जुनं कॅलेंडर चौकट करून लावलेलं होतं. घरात कुणी चित्रकलेचा अभ्यास केलेला नव्हता, पण कोपऱ्यातली सही बघून आजी सांगायची की हे मुळगावकरांचं. कॅलेंडर छापणाऱ्या कंपनीने ती सही कापली असती तर एका साध्या घरातल्या बाईला चित्रकाराचं नाव कळायचं काही कारण नव्हतं.

चित्रं आणि फोटो टाकणाऱ्या आमच्या मित्रमंडळींनाही छापखान्याच्या बाजूने दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. नाव अगदी कडेला लिहू नका, कापायला सोपं जातं. चित्राच्या आत, पण चित्राला इजा होणार नाही असं लिहा, त्या मुलीने पायऱ्यांवर लिहिलं होतं तसं. ते पुसायलाही मेहनत पडते, आणि पुसलेलं मागाहून दाखवता येतं. मोठी मूळ फाइल नेटवर टाकू नका, ती आपल्याकडे ठेवा. हक्काचा प्रश्न आला की ज्याच्याकडे मूळ फाइल असते त्याचं म्हणणं भक्कम होतं. कुणाला पाठवायचीच असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे फाइल आहे तशी जाते. संपूर्ण फोटोवर आडवं मोठं नाव टाकणं मला स्वतःला पटत नाही, त्याने फोटोच मरतो. आणि खाली एक वाक्य लिहा, "वापरायचा असल्यास कृपया विचारा." संकोच करू नका. विचारायचं असतं हेच पुष्कळांना माहीत नाही, आणि ते वाक्य वाचून विचारणारी माणसं मी पाहिली आहेत.

यंदा एक नवीन प्रकार वाढला आहे. परवानगीची कटकट नको म्हणून एआयला सांगून चित्र करून घेतात. कुणी काय वापरावं हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण माझ्याकडे आलेल्या एका चित्रात तलावपाळी म्हणून जे तळं होतं ते कुठल्याच ठाण्यातलं नव्हतं, आणि गणपतीच्या हाताला बोटं सहा होती. गावातली मुलगी तेच तळं रोज बघून काढते आहे, तिला विचारायला एक फोन लागतो.

माझ्या दुकानात आता मी असं करते. प्रत्येक फ्लेक्सच्या साच्यात तळाला 'छायाचित्र / चित्र' ही ओळ आधीच टाकून ठेवलेली असते. गिऱ्हाइकाला प्रूफ दाखवताना ती रिकामी दिसते, आणि ते स्वतःच विचारतात, "हे काय आहे?" मग मी सांगते. कुणी चिडून दुसऱ्या दुकानात गेले, नाही असं नाही. कोपऱ्यातलं नाव पुसायचं काम मी घेत नाही, त्यामुळेही काही ऑर्डरी गेल्या. पण पाचपाखाडीतल्या एका सोसायटीने यंदाचं कॅलेंडर सभासदांनी काढलेल्या फोटोंचं केलं, प्रत्येक महिन्याखाली नाव आणि फोटो कुठे काढला ते छापलं. मे महिन्याच्या पानावर चौथ्या मजल्यावरच्या आजोबांनी गच्चीतून काढलेला बहाव्याचा फोटो होता. त्यांनी जादा प्रती मागून घेतल्या, नातेवाइकांना पाठवायला. त्या सोसायटीतल्या मुलांनी पुढच्या वर्षासाठी फोटो आत्तापासून जमवायला घेतलेत.

माझी विनंती साधी आहे. गणपती मंडळांच्या बैठका आता सुरू होतील. त्यात बॅनर कुणाकडे टाकायचा हे ठरतं, तेव्हाच फोटो कुणाचा हेही लिहून घ्यावं, आणि त्याला एक फोन करावा. माझ्यासारख्या डीटीपीवाल्यांनी नावाची ओळ साच्यातच ठेवावी, आणि तिचे पैसे लावू नयेत. ठाणे-कळव्यातलं कुठलंही मंडळ काढणाऱ्याच्या परवानगीने फोटो किंवा चित्र घेऊन आलं, तर मूळ फाइल फ्लेक्सच्या मापाला नीट बसवून द्यायचं काम या हंगामात मी विनामूल्य करीन. आणि आपण, संपादक महोदय, गणेशोत्सवात वाचकांचे फोटो छापाल तेव्हा प्रत्येकाखाली काढणाऱ्याचं नाव आणि गाव द्यावं. कळव्याच्या त्या मुलीने गेल्या महिन्यात पुन्हा एक चित्र टाकलं आहे, जुन्या ठाणे स्टेशनचं. ते आपल्याला हवं असेल तर तिला विचारून मी पाठवते.

आपली,
एक डीटीपी व्यावसायिक
नौपाडा, ठाणे (पश्चिम)
(नाव व पत्ता संपादकीय विभागाला कळवला आहे.)